समुद्राचे चित्र

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तेथून पश्चिमेचा अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ६४ किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली असा मार्ग धरून, सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करीत पूर्वेच्या बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या काठच्या मुलांना पाण्याची संगत जन्मापासून लाभते. समुद्राची मात्र लाभत नाही. सांगलीच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलाचे असेच होते.

त्याला जलरंगांची फार हौस. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता, तरी समुद्राची चित्रे त्याने कितीतरी काढली होती. दिनदर्शिकेवरची चित्रे पाहून ती त्याला पाठच झाली होती. निळ्या पाण्याचा पट्टा, त्यात अर्धा बुडालेला सूर्य, एका कडेस वाकलेला माड आणि मधोमध शिडाचे होडके. वर्गात त्याची वाहवा होई. चित्रकलेचे गुरुजी मात्र चित्र पाहून हसत आणि विचारीत, "छान आहे. पण हा समुद्र कोणत्या गावचा रे?" या प्रश्नाचा अर्थ मुलाला उमगत नसे.

एके वर्षी नाताळच्या सुटीत शाळेची सहल गुहागरला निघाली. मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिचे सारे आयुष्य कृष्णाकाठी गेले होते. ती म्हणाली, "मी आता कसली समुद्र बघते? तूच माझ्यासाठी घेऊन ये, बाळा." मुलाने तसे वचन दिले. गुरुजींनी त्याला फळीवर ताणून बसवलेला एक जाड, खरबरीत कागद दिला. कागद एकच आणि वेळही एका संध्याकाळचाच.

कऱ्हाडला कोयना कृष्णेस मिळते. तेथून पाटण, कोयनानगर मागे टाकीत एस.टी. कुंभार्ली घाट उतरली आणि चिपळूणवरून गुहागरला पोहोचली. मुलगा फळी घेऊन वाळूत बसला आणि पाहतो तो काय, समोरचा समुद्र त्याच्या चित्रातल्यासारखा मुळीच नव्हता! किनाऱ्याजवळ लाटांनी वाळू ढवळल्यामुळे पाणी मातकट दिसत होते. पलीकडे ते हिरवट होते आणि त्याही पलीकडे करडे. परंतु सूर्य कलू लागला होता. घाईघाईने त्याने नेहमीचा निळा रंग कागदभर पसरला. मग लाटांचा फेस दाखवावयाचा राहिला, हे ध्यानात येऊन त्याने ओल्या निळ्यावर पांढरा रंग लावला. तो निळ्यात मिसळून राखेसारखा झाला. सांगलीच्या कोरड्या हवेत हिवाळ्यात रंग बघता बघता वाळतो; समुद्रावरच्या दमट हवेत तो वाळता वाळेना. मुलगा पुन्हा पुन्हा कुंचला फिरवू लागला, तसा कागद उकलू लागला आणि चित्राचा नुसता चिखल झाला.

त्याचे डोळे भरून आले. गुरुजी मागे येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कुंचला ठेव. आता नुसते पाहा."

दुसरे काही करण्यासारखे उरलेच नव्हते, म्हणून तो पाहू लागला. क्षितिज नेमके आपल्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, हे त्याला दिसले. तो उभा राहिला, तर तेही त्याच्याबरोबर वर चढले! लाट उंचावली की तिचा माथा पातळ होई आणि त्यातून पलीकडचा प्रकाश हिरवा होऊन येई. पुढच्याच क्षणी ती फुटे. फेस पसरे आणि ओसरे. मागे राहिलेल्या ओल्या वाळूत आकाश आरशातल्यासारखे उमटे. अंधार पडेपर्यंत तो जागचा हलला नाही.

घरी आल्यावर आजीने विचारले, "आणलास का समुद्र?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आणतो, आजी. थोडे दिवस थांब."

एका संध्याकाळी गुरुजी त्याला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाच्या कमानी पाण्यात डोलत होत्या आणि मावळतीचे ऊन पात्रात चमकत होते. गुरुजींनी विचारले, "यात सर्वांत उजळ काय आहे?"

"पाण्यावरची उन्हाची तिरीप."

"तिच्यासाठी तुझ्याजवळ सर्वांत पांढरे काय आहे?"

मुलाने रंगांच्या डबीकडे पाहिले आणि मग त्याची नजर मांडीवरच्या कागदावर गेली.

"बरोबर!" गुरुजी म्हणाले. "जलरंग काचेसारखा पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून आत जातो, कागदावर आपटून परत येतो, म्हणून चित्र उजळते. पांढरा रंग ही वाटच अडवतो. येथे पांढरे लावावयाचे नसते, राखावयाचे असते. आणि काय राखावयाचे ते आधी ठरवावे लागते. कारण झाकलेला कागद पहिल्यासारखा पांढरा होत नाही."

गुरुजींनी पिशवीतून एका चित्राची छापील प्रत काढली. हातात दिवा घेतलेली एक स्त्री. ज्योतीचा प्रकाश तिच्या बोटांतून झिरपतो आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र पुष्कळांना राजा रविवर्म्याचे वाटते. परंतु ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढले. "चूक झाकण्याची सोय जलरंगांत नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणून या चित्रकाराचा हात जितका तयार, तितकीच नजरही तयार."

त्यानंतर मुलगा रोज घाटावर जाऊ लागला. जवळजवळ कोरडा कुंचला खरबरीत कागदावरून हलकेच ओढला, की रंग कागदाच्या उंचवट्यांवरच बसतो, मधले खळगे पांढरे राहतात आणि पाणी लकाकू लागते, हे त्याला साधले. कितीतरी कागद वाया गेले. ज्या नदीवरून तो रोज जात होता, तीच त्याला आता नव्याने दिसू लागली.

शेवटी एके दिवशी त्याने गुहागरची ती संध्याकाळ आठवून चित्र काढले. त्यात माड नव्हता, होडके नव्हते. क्षितिजाची एक सरळ रेघ, करडे-हिरवे पाणी आणि अलीकडे एक लाट.

आजीने चित्र जवळ घेऊन न्याहाळले. लाटेवर एके ठिकाणी बोट ठेवून ती म्हणाली, "येथे रंग द्यावयाचा राहिला का रे?"

"नाही, आजी. तेथे कागद तसाच ठेवला आहे. तो फेस."

आजीने त्या कोऱ्या जागेवरून बोट अलगद फिरवले आणि ती म्हणाली, "म्हणजे लाट आत्ताच फुटली म्हणायची!"