छताला टांगलेला भाद्रपद

कोकणातल्या जुन्या घरांत गणपती बसतो त्या जागेच्या वर, छताला, एक लाकडी चौकट टांगलेली असते. वर्षभर तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र घरची पुरुषमाणसं आणि पोरंटोरं कोयते घेऊन रानात जातात, आणि रात्रीपर्यंत ती चौकट गच्च भरते. नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, काकडी, दोडकी, चिबूड, तोरिंजन. त्यांच्या मधेमधे रानातला ऐवज: लालभडक कवंडळं, कांगलांचे पिवळट घोस, पंख असलेली ऐनाची फळं, हरणं, तेरडा, शेरवडाची पांढरी पानं. सिंधुदुर्गात हिला माटवी म्हणतात आणि गोव्यात माटोळी. श्रीमंताच्या घरी ती मोठी असते, गरिबाच्या घरी लहान. पण दोघांच्या चौकटीत टांगलेलं सामान बहुतेक सारखंच असतं, कारण ते एकाच डोंगरातून आलेलं असतं.

घराच्या सजावटीचा विचार करताना मी दर वेळी या चौकटीपाशी येऊन थांबते. सजावटीवर भरपूर खर्च केलेली घरं मी पाहिली आहेत, त्यांतली काही खरोखर देखणी आहेत. तरी माटवीखाली उभं राहिल्यावर जे वाटतं ते तिथे वाटत नाही. वर बघितलं की आपण कुठे आहोत आणि कुठला महिना चालू आहे, हे दोन्ही कळतं. माझ्या मते घर सजवायचं ते एवढ्यासाठीच. आणि चालू महिन्यातल्या वस्तू स्वस्तच असतात, कारण तेव्हा त्यांचाच सुकाळ असतो. भाद्रपदात तेरडा विकत घ्यावा लागत नाही. बांधाबांधावर तो आपणहून उभा असतो.

माझं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. तिथे माटवी बांधायचं काम माझ्या थोरल्या मामांकडे होतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. रानात ते पुढे आणि आम्ही भावंडं मागे. कवंडळाचा वेल कुठल्या झाडावर चढतो, केवणीची साल काढून तिची दोरी कशी वळायची, शेरवडाचं पांढरं पान हे पान नसून त्याच्या फुलाचंच एक वाढलेलं दल आहे आणि खरं फूल म्हणजे शेजारचा तो इवलासा नारिंगी तारा, हे सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं. कवंडळ कितीही सुंदर दिसलं तरी तोंडात घालायचं नाही, आणि कळलावीचं फूल हाताळल्यावर हात धुवायचे, कारण तिचा कंद तर जहरच. शाळेत वनस्पतिशास्त्र पुढे आलं. आमचं बरंचसं आधीच झालं होतं. आणि एक गोष्ट ते दर वर्षी न चुकता म्हणायचे, "गे चेडवा, मुळासकट उपटू नको हां. फुडच्या वर्साक पण व्हया."

मी आता ठाण्यात राहते. इथल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, बांधतानाच, झोपाळ्यासाठी म्हणून छताला कड्या ठेवलेल्या आहेत. झोपाळा आम्ही कधी लावला नाही. त्या कड्यांना मी बांबूच्या कामट्यांची हातभर रुंद चौकट टांगते. कामट्या बुरुडाकडून मिळतात. टोपल्या, सुपं विणताना उरलेले तुकडे ते अगदी थोडक्या पैशांत देतात. दोरी सुतळीची. जड फळं चौकटीच्या कोपऱ्यांजवळ आणि हलकी मधे, म्हणजे कामटी वाकत नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या लांबीच्या दोरीवर सोडायची. सगळ्या एका पातळीत टांगल्या तर दुकानाची दर्शनी बाजू वाटते. खालीवर असल्या की खाली बसलेल्या माणसाला त्यांतून वर बघता येतं. पिकलेलं, नरम फळ टांगायचं नाही, चार दिवसांत ते गळतं आणि मुंग्या येतात. विसर्जनानंतर काकडी, नारळ वाटून टाकायचे, पाला कुंड्यांत. चौकट सोडून काही शिल्लक राहत नाही.

भाद्रपदाचं असं, तर बाकीच्या महिन्यांनी काय गुन्हा केला? आपल्याकडे सजावटीचं पंचांग आधीपासून तयार आहे. चैत्रात कडुलिंबाचा मोहर आणि आंब्याची डहाळी, शिवाय चैत्रगौरीची आरास. कैऱ्या, कलिंगड, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे, दारात चैत्रांगण. घरात जे खायला आणलंय तेच आधी मांडायचं आणि मग वाटायचं. आश्विनात झेंडू आणि भाताच्या लोंब्या. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव, वृंदावनात आवळ्याची आणि चिंचेची फांदी. फाल्गुनात पळस फुलला की त्याची गळालेली फुलं उथळ पितळी ताटलीत, पाण्यावर. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये एकेक महिना घेऊन निसर्ग वाचून दाखवला. ते पुस्तक १९५६ साली आलं, आणि मला अजूनही वाटतं की घर लावणाऱ्या प्रत्येकाने ते हाताशी ठेवावं. त्यात सजावटीबद्दल काही नाही, पण बघायचं कसं ते आहे.

सण नसतो तेव्हाही रस्ता पुष्कळ देतो. ठाण्या-मुंबईच्या रस्त्यांवर महोगनीची झाडं आहेत. तिचं फळ पिकलं की लाकडासारखी जाड साल पाकळ्या होऊन उकलते आणि खाली पडते. दोन-चार सालींचे तुकडे एकत्र ठेवले तर कोरीव कामाचा भास होतो. शिरीषाच्या चपट्या, गवताच्या रंगाच्या शेंगा वाऱ्यावर वाजतात. त्यांचा जुडगा खिडकीत बांधला की दुपारी नुसता आवाज ऐकत बसावं. सोनमोहराच्या शेंगा तांब्याच्या रंगाच्या. अलिबागच्या किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर गेलात तर सुरूची बोंडं वाळूत मूठमूठभर सापडतील. नारळाची पोय, म्हणजे फुलोऱ्याला झाकणारं ते होडीसारखं आवरण, वाळलं की त्यात सुकी फुलं काय, किल्ल्या काय, काहीही ठेवता येतं. हे सगळं घरात आणण्याआधी झटकून, दोन-तीन कडक उन्हं दाखवायची. शेंगांत किडे असतात.

दसऱ्यानंतर कुर्डू आणि गवतं फुलोऱ्यावर येतात. कुर्डूची गुलाबी-पांढरी कणसं वाळल्यावरही आपला आकार आणि बराचसा रंग टिकवतात, कोंबड्याचं फूलही तसंच. जुडी बांधून, तोंड खाली करून, सावलीत टांगायची. खाली तोंड केल्याने देठ सरळ वाळतात आणि सावलीमुळे रंग उडत नाही. आजीचा पितळी तांब्या त्यांना पुरतो. माझ्याकडे असा तांब्या शिशिरभर दाराशी असतो आणि पहिला पाऊस यायच्या आत मी त्यातली गवतं काढून टाकते. दमट हवेत त्यांना बुरशी धरते. शिवाय तोवर पाहून पाहून डोळे त्यांना सरावलेलेही असतात.

सगळ्यांत जास्त वेळ मी पिंपळाच्या पानाला देते. जून झालेलं, गडद हिरवं पान घ्यायचं. कोवळं तांबूस पान टिकत नाही. पाण्याने भरलेल्या भांड्यात पानं पूर्ण बुडवायची, भांडं बाल्कनीत ठेवायचं आणि तीन-चार आठवडे धीर धरायचा. वास येतो, म्हणून घरात नको. मधून पाणी बदलायचं. पाण्यातले जीवाणू पानाचा मऊ गर खाऊन टाकतात. शिरा चिवट असतात, त्यांना ते इतक्या लवकर हात लावू शकत नाहीत. मग पान तळहातावर घेऊन, वाहत्या पाण्याखाली, जुन्या मऊ ब्रशने हलके हलके घासायचं. गर निघून जातो आणि हातात नुसती जाळी राहते. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये जड पुस्तकाखाली ती वाळवायची. उरलेलं पाणी झाडांना घालायचं, त्यांना ते आवडतं. लहानपणी आम्ही अशी पानं वहीत ठेवायचो, तेव्हा ती नाल्यात आपोआप तयार झालेली सापडायची.

या जाळ्या मी आकाशकंदिलाला लावते. कामट्या पाण्यात भिजवून वाकवायच्या, दोऱ्याने सांधे बांधायचे, वर पतंगाचा पांढरा कागद. चिकटवायला कणकेची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही; पण मोरचूद विषारी, तेव्हा ते भांडं स्वयंपाकात परत वापरायचं नाही आणि लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही. दोन कागदांच्या मध्ये पिंपळाची जाळी घालून वरचा कागद बसवायचा. दिवसा कंदील कोरा दिसतो. संध्याकाळी आत छोटा एलईडी दिवा लावला की एकेक शीर कागदावर उमटते. शेजारची मुलं दर वर्षी दिवा लावायच्या वेळेला येऊन उभी राहतात, आणि त्यांच्यातल्या दोघींनी गेल्या दिवाळीत आपल्या घरचा कंदील स्वतः केला, याचा मला फार आनंद आहे.

याच्या उलट टोकाला प्लॅस्टिकची फुलं आहेत. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या पुष्कळ वस्तूंवर बंदी आली, त्यात थर्माकोलची मखरंही गेली. ते चांगलंच झालं. पण त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा आणि हिरव्या वेली घराघरांत आल्या. लोक म्हणतात, एकदा घेतल्या की दर वर्षी वापरता येतात, म्हणून स्वस्त पडतात. मला हा हिशेब पटत नाही. त्या माळा एकदा लावल्या की दारावर वर्षभर तशाच राहतात, त्यांच्यावर धूळ बसते, आणि चैत्र असो की मार्गशीर्ष, दार एकच दिसतं. दरम्यान दसऱ्याला झेंडू घेऊन आलेला शेतकरी संध्याकाळी उरलेला माल बाजारातच टाकून जातो. खरा झेंडू तिसऱ्या दिवशी सुकतो, हे खरं. सुकला की त्याच्या पाकळ्या चुरून कुंडीत टाका. आत बी असतं, पावसाळ्यात रोपं येतात.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते आणि ती सांगितलीच पाहिजे. निसर्गातून आणलं म्हणजे ते निर्दोष, असं नसतं. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालय दर वर्षी माटोळीची स्पर्धा घेतं. तिच्यामुळे कितीतरी विसरली गेलेली रानफळं नव्या पिढीला नावानिशी माहीत झाली, हे मोठंच काम आहे. पण बक्षिसासाठी दुर्मीळ वस्तूंची संख्या वाढवायची म्हणून रान ओरबाडलं, तर माटवीचा मूळ अर्थच हरवतो. ती विपुलतेची आरास आहे. जे भरपूर आहे तेच टांगायचं. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, त्यात पुष्कळदा कांचनही आपटा म्हणून कापला जातो. एक पान पुरे असताना आपण फांदी घेतो. कासच्या पठारावरून फूल तोडून आणणारी माणसंही आहेत. ती जागा जागतिक वारशात मोडते हे त्यांना सांगावं लागतं, पण वारसा नसता तरी तिथलं फूल तिथेच शोभतं. मी स्वतःपुरता नियम केला आहे: आधी पडलेलं, मग छाटणीतलं, मग बागेतलं, आणि रानातलं सगळ्यांत शेवटी, तेही मूळ सोडून.

शहरात राहणाऱ्याला रान गाठता येत नाही, त्याला बाजारातच जावं लागतं. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस दादरला पहाटे गेलात तर आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बायका तेरडा, आघाडा, दूर्वा, पत्री आणि रानफळं पुढ्यात मांडून फुटपाथवर बसलेल्या दिसतील. आदल्या दिवशी रानात हिंडून त्यांनी ते वेचलेलं असतं, रात्रीच्या गाडीने आणलेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत विकलं गेलं नाही तर ते तिथेच सुकून जातं. सजावट थोडक्यात करायची ही चांगली गोष्ट आहे; पण ती बचत त्यांच्या पदरातून करू नका. त्या सांगतील तो भाव द्या. आणि घाई नसेल तर खाली बसून विचारा की हे फळ कोणतं, कुठल्या झाडाचं, खातात का. त्या सगळं सांगतात.