झटक्याचा आवाज

चार-पाच लाखांचं गेमिंगचं मशीन घेतलेला माणूस ते घेऊन दुकानात येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग कमी आणि ओशाळलेपण जास्त असतं. कॉलेजातला मुलगा असेल तर वडील सोबत येतात. पैसे त्यांनी दिलेले असतात, आणि मित्राच्या निम्म्या किमतीच्या मशीनवर तोच गेम जास्त चांगला चालतो हेही त्यांच्या कानावर आलेलं असतं. मुलगा खाली बघत म्हणतो, "काका, फ्रेम्सच मिळत नाहीत." वडील विचारतात, "फसवलं का हो आपल्याला?" बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं.

पहिल्या पाच मिनिटांतल्या गोष्टी या धंद्यातल्या माणसाला सांगायला नकोत. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डात खुपसलेली, रॅमचं प्रोफाईल बायोसमध्ये बंद, दोन्ही रॅम शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये, १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर पडलेला. हे बघून झाल्यावर जे उरतं ते खरं काम. त्यातलाही एकच प्रकार माझ्या डोक्यात कित्येक वर्षं ठाण मांडून बसलाय. आकडा उत्तम, तापमान ठीक, कार्ड निरोगी, आणि तरी गेम झटके देतो.

वडिलांना मी एसटीचं उदाहरण देतो. तासाला सहा गाड्या असं फलकावर लिहिलंय, आणि सहा आल्याही. पण त्यातल्या पाच पहिल्या दहा मिनिटांत आल्या आणि सहावीसाठी पन्नास मिनिटं ताटकळावं लागलं, तर फलक खोटा म्हणायचा का? फलक खराच आहे. उभं राहून पाय मात्र तुमचे दुखले.

सेकंदाला १४४ फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला ६.९४ मिलिसेकंद. समजा एकच फ्रेम ६० मिलिसेकंद अडली. कोपऱ्यातला आकडा त्या सेकंदाला १३६ दाखवेल, आणि १३६ बघून कोणी तक्रार करणार नाही. डोळ्याला मात्र तो अडथळा कळतो, हाताला त्याहून आधी कळतो. हा घोळ फार काळ कोणी नीट मोजतच नव्हतं. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी बाजूला ठेवून एकेक फ्रेमला किती वेळ लागला ते मांडायला सुरुवात केली, आणि आमच्यासारख्यांना जे वर्षानुवर्षं हाताला जाणवत होतं ते पहिल्यांदा कागदावर दिसलं. तेव्हा दोन-दोन कार्डं जोडायची टूम होती. दोन्ही कार्डं आळीपाळीनं फ्रेम काढायची, आकडा जवळजवळ दुप्पट व्हायचा, पण एक फ्रेम पटकन आणि पुढची उशिरा अशी लंगडी चाल यायची. दोन कार्डांचे पैसे मोजलेल्या माणसाला ते सांगणं फार अवघड जायचं.

मी तो झटका कानानं पकडायचो.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफिक कार्डावर वीज नियंत्रित करणाऱ्या छोट्या चौकोनी कॉइल असतात. कार्डावरचा भार बदलला की त्यांतून जाणारा प्रवाह बदलतो आणि आतली तार अगदी सूक्ष्म थरथरते. त्यातून बारीक, किरकिरा आवाज निघतो. कार्ड जितकं ताकदीचं तितका हा आवाज बहुधा जास्त, म्हणून महागड्या मशीनवाल्यांची ही एक वेगळीच तक्रार असते. गेमच्या मेनूवर फ्रेम्सना मर्यादा नसली की त्या हजारांच्या घरात जातात आणि कार्ड अक्षरशः किंचाळतं. प्रत्यक्ष खेळताना सूर खाली उतरतो आणि फ्रेम्सप्रमाणे हलत राहतो. आता लक्षात घ्या, कार्ड कामाची वाट बघत थांबलं तर भार उतरतो, आणि त्या क्षणी आवाजात भेग पडते. फ्रेम अडली की सूर तुटतो.

कॅबिनेटची बाजूची काच काढायची, पंखे हातानं मंद करायचे, कान कार्डाच्या मागच्या कडेपासून वीतभर अंतरावर आणायचा आणि डोळे मिटायचे. सूर सलग आणि स्क्रीनवर तरीही झटका, म्हणजे कार्ड काम करतंय, घोटाळा पुढे कुठेतरी, मॉनिटरकडे. सूर तुटला म्हणजे कार्डाला काम पोहोचलंच नाही, मागे प्रोसेसर, रॅम, डिस्क यांच्याकडे बघा. सूर एकदम न तुटता हळूहळू खाली बसला तर कार्ड तापून किंवा वीज कमी पडून स्वतःला आवरतंय. यातलं काहीच मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं रात्री दुकान बंद झाल्यावर ऐकत बसून हे जमलं.

आणि मला हे लोकांसमोर करायला आवडायचं. तापकीर गल्लीतून माल आणायला गेलो की ओळखीचे दुकानदार एखादं अडलेलं मशीन पुढे करायचे आणि मी डोळे मिटून "रॅम बघा" म्हणायचो. माझ्या मागे "त्यांना आवाजावरून कळतं" असं बोललं जातं हे मला माहीत होतं आणि ते ऐकायची मला चटक लागली होती. साधं काम कोणीही करावं, पण कोणालाच न सुटलेलं माझ्याकडे यावं, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. अशा मशीनवर मी आठवडा घालवतो आणि त्या मानानं पैसे घेत नाही. त्यात उदारपणा फारसा नाही, हाव आहे.

आता तो आवाज मला ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरच्या पट्टीतले आवाज वयाप्रमाणे आधी जातात, बोलणं ऐकायला अडचण नाही, यंत्राची गरज नाही. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. आमच्याकडे शिकायला येणारी मुलगी कार्डाजवळ जाऊन "काका, हे फारच किरकिरतंय" म्हणते, आणि मला पंख्यांचा वारा सोडून काही ऐकू येत नाही.

याच दिवसांत एक मशीन आलं. पिंपळे सौदागरचा आयटीतला मुलगा, आरटीएक्स ४०९०, रायझन ७ ७८००एक्स३डी, ६००० ची डीडीआर५ रॅम, सगळं स्वतः वाचून निवडलेलं आणि नीट जोडलेलं. तक्रार एकच, नेमबाजीच्या गेममध्ये झटके. माझ्या टेबलावर दिवसभर गेम चालवला, एकही झटका नाही. प्रेझेंटमॉन या सॉफ्टवेअरनं प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवला, रेष सपाट. घरी नेलं की त्याच रात्री फोन.

इथे येत नाही आणि घरी येतो, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चिवट शत्रू आहे. भाग बदलून तो मरत नाही, कारण भागात तो नसतोच. घराची वीज, खोलीतली उष्णता, वायफाय, शेजारचा दुसरा मॉनिटर, टेबलाखाली भिंतीला चिकटवलेलं कॅबिनेट, यांतल्या कोणावरही संशय जातो आणि सगळे माझ्या टेबलावर गैरहजर असतात. मशीन पुन्हा आणून काही उपयोग नव्हता. मी आणि ती शिकणारी मुलगी, आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो.

तिला मी कार्डाजवळ बसवलं आणि मी पडद्यावरचा आलेख बघत राहिलो. मुलगा खेळू लागला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका, सूर तुटतोय." मी विचारलं, "कधी?" ती उत्तर द्यायच्या घाईत नव्हती, हे मला आवडलं. आणखी दोन-तीन वेळा ऐकून म्हणाली, "हा पळतो तेव्हा नाही. वळतो तेव्हा."

आलेखात त्याच जागी सुळके होते. फ्रेमचा वेळ चाळीस मिलिसेकंदांवर उडत होता, पण कार्ड त्यातले पाचच मिलिसेकंद कामात होतं. बाकीचा वेळ ते वाट बघत होतं. मी मुलाला माऊस सोडून कंट्रोलर हातात घ्यायला सांगितलं. तोच गेम, तीच जागा, तसंच गर्रकन वळणं. रेष सपाट. तिनं मान हलवली, सूर सलग.

माऊस सेकंदाला ८००० वेळा आपली जागा कळवणारा होता. म्हणजे दर ०.१२५ मिलिसेकंदाला एक निरोप. माऊस स्थिर असला की निरोप थांबतात, गर्रकन फिरवला की लोंढा येतो. काही गेम्स हा प्रत्येक निरोप ज्या थ्रेडवर फ्रेमची तयारी चालते त्याच थ्रेडवर, एकेक करून वाचतात. शिवाय माऊसच्या दिव्यांचं सॉफ्टवेअर, गप्पांची खिडकी, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, सगळे तेच निरोप ऐकायला कान लावून बसलेले. मागे चालणाऱ्या अशा श्रोत्यांना आवरणारी सुधारणा विंडोज ११ मध्ये २०२३ ला आली, पण गेमनंच एकेक निरोप वाचायचं ठरवलं असेल तर विंडोज तरी काय करणार? माझ्या टेबलावर साधा ऑफिसचा माऊस असतो, सेकंदाला १२५ निरोप देणारा. तिथे झटका येणार कुठून? ८००० चं १००० केलं आणि मागची दोन सॉफ्टवेअर बंद केली. झटके गेले. मुलानं खुर्ची मागे सरकवून दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

मला आनंद झाला, पण त्याच्या आधी क्षणभर असूया वाटली. ते वाक्य माझं असायला हवं होतं.

हल्ली या कामाची जी अवस्था झालीय तिच्याबद्दल मला चीड आहे. पैसे घेऊन 'एफपीएस बूस्ट' करून देणारे विंडोजच्या सेवा धडाधड बंद करतात, रजिस्ट्रीत हात घालतात, आणि आधीचं व नंतरचं मोजमाप विचारलं तर त्यांच्याकडे काहीच नसतं. सहा महिन्यांनी कसलं तरी अपडेट अडकतं आणि मशीन आमच्याकडे येतं. दुसरीकडे भाग बदलणारे. आधी कार्ड, मग पॉवर सप्लाय, मग मदरबोर्ड, गिऱ्हाईक थकेपर्यंत. अचानक काहीतरी जुळतं आणि कशानं जुळलं हे त्यांनाही सांगता येत नाही. याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

आणि गेम बनवणाऱ्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. डायरेक्टएक्स १२ वरचे कितीतरी गेम्स नवा परिणाम पडद्यावर येण्याच्या क्षणी त्याचे शेडर जुळवायला बसतात आणि फ्रेम तिथेच अडते. पहिल्यांदा स्फोट झाला की झटका, दुसऱ्यांदा त्याच स्फोटाला नाही. कोणतंही कार्ड घाला, तो जात नाही. अशा वेळी गिऱ्हाईकाला "तुमचं मशीन चांगलं आहे, गेम कच्चा आहे" असं तोंडावर सांगावं लागतं, आणि ते ऐकायला आलेलं कोणी नसतं. २०२१ मधली जीटीए ऑनलाइनची गोष्ट मी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो. गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची आणि लोक वर्षानुवर्षं आपल्या डिस्कला दोष द्यायचे. 'टोस्ट' या टोपणनावाच्या एका माणसानं प्रोसेसर नेमका कशात अडकलाय ते मोजलं. सुमारे १० मेगाबाइटची एक यादी अत्यंत वेंधळेपणानं वाचली जात होती. त्याच्या दुरुस्तीनं वेळ जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरला, आणि गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं ती मान्य करून त्याला १०,००० डॉलर दिले. मशीन निर्दोष होतं. कोणीतरी मोजायला बसण्याची गरज होती.

उलटही घडतं, म्हणून गेमलाच सरसकट दोष देऊन चालत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर गेम बंद पडताना ग्राफिक मेमरी कमी पडल्याचा संदेश यायचा. २४ जीबीच्या कार्डावरसुद्धा! सगळ्यांची नजर कार्डाकडे गेली आणि दोष प्रोसेसरच्या व्होल्टेजमध्ये निघाला. २०२४ मध्ये इंटेलनं मायक्रोकोड सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

त्या शिकणाऱ्या मुलीनं माझ्यासाठी एक सोय केलीय. फोन कार्डाजवळ धरला की आवाजाचा आलेख पडद्यावर दिसतो असं एक अ‍ॅप तिनं टाकून दिलं. वरच्या पट्टीत एक उजळ रेष धावते आणि फ्रेम अडली की तुटते. मी आता सूर बघतो. पण ऐकताना कळायचं की तुटण्याआधी तो किंचित वर चढला होता, की खाली घसरला होता. रेषेत मला ते अजून उमगत नाही. तिला ऐकू येतं, पण तिचा भरवसा आलेखावर जास्त. मी म्हणतो आधी ऐक, मग बघ. ती म्हणते, "काका, आधी मोजू." यावर आमचं एकमत झालेलं नाही.

तुमचं मशीन झटके देत असेल तर नुसतं कॅबिनेट उचलून आणू नका. तुमचा माऊस, कीबोर्ड, हेडफोन, मॉनिटर, त्याच्याच केबल्स आणि भिंतीला लावलेला जुना एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं आणा. कागदावर लिहून आणा की झटका कधी येतो: वळताना की पळताना, पहिल्यांदा की दर वेळी, सुरुवातीला की तासाभरानं. आणि ते कळेपर्यंत नवं कार्ड विकत घेऊ नका.