कानातली पाहुणी

माणसे तोंड वाकडे करतात, त्याला काही कारण असते. पानात कारले पडते, शेजाऱ्यांच्या दारात नवी मोटार येते. पण आमच्या काकूंचे तोंड एका सकाळी विनाकारणच डावीकडे ओढले गेले. उजवा डोळा मिटेना, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागले. ‘अर्धांगवायू’ हा शब्द घरात प्रत्येकाच्या मनात होता. उच्चारायला कोणी धजेना. काकू तर नातवंडांसमोरही पदराआड तोंड लपवू लागल्या.

डॉक्टरांनी त्यांना कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. एरवी काकू या विद्येत निष्णात! पण आठ्या डाव्या बाजूलाच पडल्या. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ दोन्हीकडे हलते. इथे अर्धे गप्प होते. हातपायही धड होते. म्हणजे दुखणे चेहऱ्याच्या मज्जातंतूचे!

चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मज्जातंतूंवर निबंध मांडला. कारण न सापडणाऱ्या अशा लुळेपणाला पुढे ‘बेल्स पाल्सी’ हे त्याचेच नाव मिळाले. आपल्याकडे मात्र सारा दोष गार वाऱ्याला!

काकूंनी सहज सांगितले, “दोन दिवस कान ठणकतोय हो.” डॉक्टरांनी उजव्या कानात दिवा धरून पाहिले, तर आत एक गोचीड घट्ट चिकटलेली! गावाकडच्या गोठ्यातून ही पाहुणी आली असावी.

चेहऱ्याचा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातून, अगदी अरुंद बोगद्यातून जातो. गोचिडीच्या लाळेतील विषारी द्रव्याने किंवा तिने आणलेल्या सुजेने तो दुबळा होऊ शकतो. प्रकार दुर्मिळ खरा. पण मलेशिया, तुर्कस्तान अशा देशांतून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. गोचीड काढल्यावर बहुतेक बरे होतात.

डॉक्टरांनी ती चिमट्याने अलगद काढली. घरी हेअरपिनने कोरले असते, तर तिचे तोंड आतच तुटून राहिले असते. उघड्या डोळ्याला थेंब, रात्री पट्टी, असे काही आठवडे गेले आणि काकू पदर बाजूला सारून पुन्हा मोकळेपणी हसू लागल्या.

म्हणून सांगतो, कुणाचे तोंड वाकडे झाले, तर शेक-लेपात दिवस दवडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झटका असेल तर घटकाही मोलाची. बेल्स पाल्सी असेल तर पहिल्या ३ दिवसांतले औषध अधिक गुणकारी. आणि डॉक्टरांना एवढे जरूर म्हणा, “जरा कानातही बघता का?”