आईची अंगणवाडी आणि पुतणीची व्हॅन

माझी आई भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तिची नात, म्हणजे माझी चार वर्षांची पुतणी, रोज सकाळी व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटला जाते. आमच्याकडे मुलांना टाय लावणाऱ्या कुठल्याही बालवाडीला कॉन्व्हेंटच म्हणतात. व्हॅन आईच्या अंगणवाडीसमोरूनच जाते. यावर घरात कोणी बोलत नाही.

धानकापणीच्या दिवसांत गावी गेले तेव्हा मी बोलले. दादा म्हणाला, "तिथं खिचडी भेटते, शिक्षण नाही." आई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी आईसोबत गेले. एक खोली, चौदा मुलं. बहुतेकांच्या आया पहाटेच बांधीत कापणीला गेलेल्या. आईने वजनं घेतली, गरोदर बायांची नोंद केली. पोषण ट्रॅकर उघडेना, म्हणून रेंज शोधत ती बोडीच्या पाळीवर जाऊन उभी राहिली. सरकारी योजनेत अंगणवाडीच्या सहा सेवा आहेत, शाळापूर्व शिक्षण ही त्यातली एक. साडेअकरापर्यंत एक गाणं झालं होतं. "मंग सिकवू कवा?" आई म्हणाली. म्हणजे दादाचं अगदीच खोटं नव्हतं.

मग तिने चिंचोके ओतले. मुलं पाच-पाचचे ढीग करू लागली, भांडली, चुकली, पुन्हा मोजू लागली. अर्धा तास कोणी रडलं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. त्या अंगणात मोबाइलवर माहिती भरणारी बाई तेव्हा कोणाच्या डोक्यात असणार?

संध्याकाळी पुतणी चार रेघी वहीत 'ए' गिरवत होती. पूर्ण पानभर, सुबक. मी तिच्यापुढे सात चिंचोके ठेवले आणि म्हटलं, मोज. ती एका दमात वन ते ट्वेंटी म्हणून मोकळी झाली. बोट पहिल्याच चिंचोक्यावर.

दादा दारात उभा राहून बघत होता. आईने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तीच पुतणीजवळ सरकून बसली, आणि तिचं बोट धरून दुसऱ्या चिंचोक्यावर ठेवलं.

सकाळी व्हॅन आली. हॉर्न वाजला तसा दादा तिच्या बुटाच्या लेस बांधू लागला.