ॲरो नदीच्या कांठीं सोन्याची पन्हळ

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत ओटॅगो प्रांतीं ॲरो नांवाची लहानशी डोंगरी नदी आहे. 1862 सालीं तिच्या वाळूंत सोनें सांपडलें व कांठावर ॲरोटाउन गांव वसलें. ती झुंबड केव्हांच ओसरली. तथापि नदीच्या ठराविक भागांत कोणाही प्रवाशास परवान्यावांचून सोनें शोधावयाची व सांपडेल तें घरीं न्यावयाची मुभा आजही आहे. अट एवढीच कीं, साधनें हातानें चालविण्याचीं असावींत; इंजिनाचा पंप चालावयाचा नाहीं.

या अटीमुळें नदी देईल तेवढ्याच पाण्यावर काम भागवावें लागतें, आणि पन्हळीची निवड महत्त्वाची ठरते. पन्हळ म्हणजे दोन्ही तोंडांस उघडी, उथळ, लांबट पेटी; तळाशीं जाजम व त्यावर आडव्या पट्ट्या. ती वाहत्या पाण्यांत तिरपी ठेवून वरच्या तोंडाशीं रेती सोडावयाची. सोनें पाण्याच्या 19.3 पट जड, गारगोटी 2.65 पट, म्हणून रेती वाहून जाते, सोनें पट्ट्यांच्या आड बसतें. आपल्याकडे सराफकट्ट्यावरील माती धुणाऱ्या झारेकऱ्यास हें सांगावयास नको!

लांबलचक पन्हळ व उंच पट्ट्या पाहून मुलें हरखतात. आमचें मत निराळें आहे. येथील सोनें बहुधा कोंड्यासारखें बारीक व चपटें. उंच पट्ट्यांमागें जोराचा भोंवरा उठला, कीं तें उचललें जाऊन रेतीबरोबर निघून जातें. त्यास बुटक्या पट्ट्या किंवा खांचांचें रबरी जाजमच बरें. शिवाय बहुतेक सोनें पहिल्या फूटभरांतच बसतें. तेव्हां तीन फुटांची पन्हळ पुष्कळ झाली. फार रुंद पन्हळीस पाणीही फार लागतें. घोटाभर पाण्यांत ती नुसती ओली होते. ॲल्युमिनियमची असेल, तर घरांतील बायकामुलांसही सहज उचलतां येते.

उतार फुटास सुमारें एक इंच ठेवून आरंभ करावा. पट्ट्यांमध्यें काळी लोहवाळू घट्ट दाटली, तर उतार थोडा वाढवावा. जाजम उघडें पडलें, तर कमी करावा. मात्र खरी परीक्षा निराळीच आहे. पन्हळीच्या खालच्या तोंडाशीं पडलेली रेती परातींत धुऊन पाहावी. तींत पिवळे कण दिसले, तर दिवसभराचे श्रम नदीस परत चालले, असें समजावें. ही खबरदारी फारच थोडीं माणसें घेतात.

डोळ्यांदेखत निसटण्याचा सोन्याचा हा गुण माणसांच्या बाबतींतही येथें दिसला. एडवर्ड पीटर्स नांवाचा मूळचा मुंबईकडील गृहस्थ 1857-58 च्या सुमारासच या प्रांतांत सोनें काढीत असे. परंतु 1861 च्या मे महिन्यांत गेब्रिएल रीड यास मोठा सांठा लागला आणि नांव रीडचें झालें. पीटर्सचें स्मारक 2009 सालीं उभें राहिलें.

डोंगरांत पाऊस दिसतांच मात्र पन्हळ उचलून कांठावर यावें. ही नदी पाहतां पाहतां चढते. जाजम बादलींत झटकून घेतलें, कीं उरलेलें धुणें बिऱ्हाडीं परातींत निवांतपणें करतां येतें.