आधी ऑपरेटरला गाठा

कुठल्याही गावात जाऊन ‘तुमच्याकडचं सगळ्यात जुनं थिएटर कोणतं?’ असं विचारू नये. चार माणसं चार नावं सांगतात, पाचवा भांडायला उठतो आणि आपलं काम बाजूलाच राहतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या टॉकीजचा इतिहास टिपत मी बरीच वर्षं हिंडते आहे. मी विचारते, ‘तुम्ही बसायचा कुठं?’ या प्रश्नाला सहसा कुणी थाप मारत नाही. पिटातला माणूस मान वर करून पडदा कसा दिसायचा ते सांगतो, बाल्कनीवाला हटकून तिकिटाचा दर सांगतो. साताऱ्यातल्या एका आजींनी सांगितलं, ‘बायकांच्या अंगाला. पोर रडलं की डोअरकीपर बाहेर काढायचा. निम्मा पिच्चर मी जिन्यात उभी राहून ऐकलाय बघा.’

त्यांच्या या एका वाक्यातून मला त्या इमारतीला बायकांसाठी वेगळा जिना होता हे कळलं. नंतर तिथे गेले तर बाजूच्या भिंतीत विटांनी बुजवलेलं दार सापडलं. मालकांकडे नकाशा नव्हता, पण आजींच्या सांगण्यावरून तेवढा भाग कागदावर काढता आला.

प्रेक्षकांच्या आठवणी अशा जागेच्या बाबतीत पक्क्या असतात, सालाच्या बाबतीत मात्र अगदी कच्च्या. ‘शोले लागला त्या वर्षी टॉकीज सुरू झालं’ असं कुणी सांगितलं की नवखा माणूस लगेच १९७५ लिहून मोकळा होतो. मुंबईत ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला हे खरं. पण प्रिंट काढायला पैसा लागायचा, त्यामुळे प्रिंटा मोजक्याच असायच्या. त्या आधी मोठ्या शहरांत चालायच्या, मग जिल्ह्याच्या गावी आणि अगदी शेवटी तालुक्याला. तिथे येईपर्यंत महिने उलटायचे, कधी वर्षही. प्रिंटवर तोवर इतके ओरखडे पडलेले असायचे की सगळ्या गाण्यांत पाऊस. म्हणून सिनेमाच्या नावावरून साल काढायचं नाही. गावाला स्वतःच्या खुणा असतात, त्या धरायच्या. साताऱ्या-कराडाकडे ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की उत्तर पटकन येतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला आणि तो कुणी विसरलेलं नाही. माण-खटाव, जत-आटपाडीकडे १९७२ चा दुष्काळ धरावा. सांगलीत कृष्णेचा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर होतं, यावर तिथली माणसं वर्षं मोजतात. आणि जुन्या माणसांकडे आणखी एक खूण असते, १९४८ ची जाळपोळ. गांधीहत्येनंतर या भागात घरं जळाली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळाला. त्या खुणेपाशी बोलणारे एकदम आवरतं घेतात. तिथे मी पुढचा प्रश्न विचारत नाही. मी टॉकीजची चौकशी करायला गेलेली असते, आणि माणसांना काही गोष्टी न सांगण्याचा हक्क आहे.

सालाच्या आणि कामाच्या बाबतीत खरा भरवशाचा माणूस म्हणजे ऑपरेटर. मालक वडिलांचं कर्तृत्व सांगतात, मॅनेजर गर्दी सांगतात, ऑपरेटर यंत्र सांगतो. सांगलीकडच्या एका अण्णांना मी मोठ्या उत्साहानं विचारलं, ‘अण्णा, तुम्ही तर सगळे पिक्चर फुकट बघितले असतील.’ ते म्हणाले, ‘पिक्चर कुठला बघतोय ताई? आम्ही ठिपका बघायचो.’

ठिपक्याचं गणित असं. दोन हजार फुटांचं स्पूल एका मशीनवर वीस-बावीस मिनिटं चालतं. मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते, सेकंदाला चोवीस चौकटी. म्हणजे पावणेतीन तासांच्या सिनेमाला जवळजवळ पंधरा हजार फूट. म्हणून केबिनमध्ये दोन मशिनं. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला चेंजओव्हर. हुकला तर पडदा पांढरा आणि पिटातून शिव्या. त्यातच कार्बन सांभाळायचा. झेनॉनचे दिवे येण्याआधी दिव्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांच्या टोकांमधला जाळ हाच उजेड. कांड्या जळत जातील तसं अंतर वाढतं, उजेड बसतो, म्हणून काळ्या काचेतून बघत त्या पुढे सरकवत राहायचं. अण्णांनी मला हे सांगताना उजव्या हाताची दोन बोटं हवेतच गोल फिरवली. मशीन भंगारात जाऊन वर्षं लोटली होती, बोटांना ते ठाऊक नव्हतं. थोटकं उरली की तीही फेकायची नाहीत, जोडून वापरायची; कार्बनचा खर्च मालकाच्या डोळ्यांवर यायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. सांगली आणि मिरज इथल्या दोन टॉकीजमध्ये एकाच प्रिंटवर एकाच वेळी खेळ चालायचा. इथलं रीळ संपलं की डबा स्कूटरवरून मिरजेला. मध्ये आठ-दहा किलोमीटर. रेल्वेचं फाटक लागलं की तिकडच्या ऑपरेटरचा जीव टांगणीला. अशा गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात आणि प्रत्येक गावात त्या अर्ध्या खऱ्या असतात. त्या तपासायची साधी रीत आहे. दोन्हीकडच्या खेळांच्या वेळा बघायच्या. दोघांकडे सहाचाच खेळ असेल तर गोष्ट सोडून द्यावी. एकाकडे सहा आणि दुसऱ्याकडे पावणेसात असेल तर तिच्यात दम आहे. यासाठी डीसीआर लागतो.

डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता. या धंद्यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात आधी रद्दीत जाणारा कागद. प्रत्येक खेळाला, प्रत्येक वर्गाला तिकिटाचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, विकलेली तिकिटं, एकूण रक्कम, त्यातला करमणूक कर, उरलेली निव्वळ रक्कम. खाली वितरकाच्या रेपची, म्हणजे प्रतिनिधीची, सही. हा रेप प्रिंटबरोबर यायचा, बुकिंगच्या खिडकीशी ठाण मांडायचा आणि मालकानं तिकिटं दडपू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचा. मालकही काही कमी नसत. पण तो तक्ता तीन माणसांच्या अविश्वासातून तयार झालेला आहे: मालक, वितरक आणि करमणूक कराचा इन्स्पेक्टर. म्हणून तर तो भरवशाचा. शेऱ्याच्या रकान्यात तर गाव बोलतं. ‘लाइट नाही, रात्रीचा खेळ रद्द’, ‘पाऊस’, ‘जत्रा’. मी एका जुन्या वहीत आठवडेच्या आठवडे आकडे उतरवत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होत असला तरी गल्ला बाजाराच्या वारावर ठरायचा. आणि उसाचं बिल मिळालं की बाल्कनी भरायची.

यापेक्षा जुने कागद शोधायचे तर या दोन जिल्ह्यांत एक अडचण आहे आणि ती बाहेरच्या अभ्यासकांच्या ध्यानात येत नाही. आज जे दोन जिल्हे दिसतात ते पूर्वी तसे नव्हतेच. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग झाले. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणजे पन्नासच्या दशकातल्या एखाद्या टॉकीजच्या परवान्यावर ‘दक्षिण सातारा’ असेल तर तो कागद साताऱ्याचा म्हणून बाजूला टाकू नका. त्याआधीचा गुंता तर आणखी मोठा. सातारा शहर इंग्रजी अमलातलं. तिथे १९१८ चा सिनेमाटोग्राफ कायदा, परवाना जिल्हा मॅजिस्ट्रेटचा, आणि १९२३ पासून मुंबई इलाख्याचा करमणूक कर. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान. मिरजेच्या दोन पात्या वेगळ्या. औंध, फलटण, जत आणखी वेगळी. १९४८ पर्यंत प्रत्येकाचं दफ्तर निराळं. त्यामुळे साताऱ्याच्या टॉकीजचा माग जिथे लागतो तिथे सांगलीचा लागत नाही. कागद नाही म्हणून टॉकीज नव्हतं असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. संस्थानाची हद्द ओलांडायचे कष्ट घेतले असते तर ते लिहिले गेले नसते.

कागद नसला की इमारत वाचायची. पहिली गोष्ट, पडद्यामागे जायचं. नव्यानं सिनेमासाठीच बांधलेल्या थिएटरात पडद्यामागे स्पीकर ठेवण्यापुरती जागा असते. पण मागे खोल रंगपीठ असेल, बाजूला विंगांची जागा असेल, मेकअपच्या खोल्या असतील, तर ते मुळात नाटकाचं. सांगलीत याची शक्यता नेहमी धरावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते गाव हे. तिथे नाटकवाल्यांनीच सिनेमाला जागा दिली, आणि नाटकवालेच सिनेमात उतरले. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळींनी बळवंत पिक्चर्स काढून ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट केला, १९३४ साली. दिग्दर्शक चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर. त्यात पैसा बुडाला. दीनानाथांच्या कन्या लताबाई मंगेशकरांच्या लहानपणाच्या हकिकतीत हा भाग ओघानं येतो. पण सांगलीच्या माणसाला विचाराल तर तो लताबाई सांगेल, बळवंत पिक्चर्सचा स्टुडिओ कुठे होता ते सांगायला घुटमळेल.

दुसरी गोष्ट, केबिन. जुनी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. म्हणून केबिनला पक्क्या भिंती, बाहेरून वेगळा जिना आणि भिंतीतल्या भोकांवर लोखंडी झडपा. झडप दिसली की लोक खूश होऊन ‘नायट्रेटच्या काळातलं’ म्हणतात. सुरक्षित फिल्म आल्यावरही नियमांनी झडपा मागितल्याच, तेव्हा एकट्या झडपेवर काही ठरत नाही. जिना, भिंतीची जाडी, झडप आणि रंगपीठ, चारी एकत्र जुळले तर बोलावं.

सगळ्याच सिनेमांना इमारत नव्हती. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीच्या खंडोबाची यात्रा, इथे तंबूतले खेळ रात्रभर चालायचे. ट्रकच्या मागच्या बाजूला मशीन, समोर कापडाचा पडदा, वर भोंगा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी ‘सैराट’ आला आणि साताऱ्याजवळच्या रहिमतपुरात रात्री बाराला आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. एका पडद्याची थिएटरं संपली असं तोवर सगळे म्हणत होते. पुढे कोरोनात दारं बंद झाली आणि काही उघडलीच नाहीत.

मी गळा काढणाऱ्यांपैकी नाही. खुर्च्यांत ढेकूण होते, बायकांच्या संडासाला कडी नसायची, आणि लेडीजच्या रांगेत मागून हात लावणारे होते. हेही मी टिपून ठेवते. सातारची राधिका, राजलक्ष्मी, समर्थ, सांगलीची स्वरूप, प्रताप, त्रिमूर्ती ही नावं काढली की माणसं हसतात. त्या हसण्याआड काय काय आहे हे बायकांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि बायकांना अजून फारसं कुणी विचारलेलं नाही.

तुमच्या घरात कुणी टॉकीजमध्ये कामाला असेल, मग तो ऑपरेटर असो, डोअरकीपर असो, बुकिंगवाला असो की पोस्टर चिकटवणारा, तर त्याला आत्ताच बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि त्याचं काम मोठ्यानं बोलून घ्या. डीसीआरच्या वह्या, भिंतीवरचा फ्रेममधला परवाना, तिकिटांचे गठ्ठे, काचेच्या जाहिरात स्लाइड रद्दीत देऊ नका. परवान्यावरची आसनसंख्या आणि वर्ग उतरवून घ्या. फोटो काढून एक प्रत गावच्या नगर वाचनालयात द्या, मूळ घरीच राहू द्या. फक्त कृष्णाकाठी राहत असाल तर ते तळमजल्यावर ठेवू नका.