बपेऱ्याचा घाट

बपेरा हे मुलांच्या मामूंचे गाव. तुमसरहून सिहोऱ्यामार्गे येणारा रस्ता जिथे महाराष्ट्र संपवतो, तिथे ते आहे. पुढे बावनथडी, तिच्यावर पूल, आणि पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. उर्दू-फारसी जाणणाऱ्याला 'बाला' म्हणजे वर हे ठाऊक असते, म्हणजे चढ नदीपलीकडच्या जिल्ह्याच्या नावातच दिसतो. अलीकडे मात्र सगळा धानाचा मुलूख. बांधीत पाणी उभे राहायचे तर जमीन सपाटच हवी. अशा गावात आम्हाला चढाचा धडा मिळेल असे वाटले नव्हते.

डिसेंबरच्या सुटीत आम्ही नागपूरहून निघालो. तुमसरपासून थोरली तिच्या रोड बाइकवर आणि आम्ही मागून गाडीत. दोन महिन्यांनी ती सायकलवर बसली होती. बपेऱ्याला पोहोचलो तेव्हा मामू ओसरीवरच बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. कोणतीही वस्तू आधी बोटांनी चाचपून पाहणार. त्यांनी सायकलीचे अरुंद टायर दाबले, वाकडे हँडल पाहिले आणि विचारले, "बेटी, ही किती चढ चढते?"

थोरली काही बोलली नाही. त्याचे कारण चिखलदऱ्यात होते.

सायकल जुनीच घेतली होती, तिच्या साठवलेल्या ईदीत आमची भर घालून. विकणाऱ्याने सांगितले, गिअर आहेत म्हणजे कुठेही चढेल. आम्ही मान डोलावली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या घरात त्या नावाचा जप चालतो. मग ऑक्टोबरात परतवाड्याहून चिखलदरा गाठायचे ठरले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच. परतवाड्याहून सुमारे ३० किलोमीटरच्या वाटेत सातशे मीटरहून अधिक चढ. सरासरी काढली तर जेमतेम अडीच टक्के, म्हणून आम्ही निर्धास्त. पण सरासरी फसवी असते. सुरुवातीचे सपाट किलोमीटर तिच्यात मिसळलेले असतात, आणि घाट सुरू झाला की सगळा हिशेब एकदम चुकता करावा लागतो. थोरली उतरली नाही. उभी राहून, दात-ओठ खात रेटत राहिली. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. डॉक्टरांनी सहा आठवडे सायकल बंद केली. फुफी म्हणाल्या, "विकून टाका, मुलीच्या जिवाला कशाला हा ताप?" खरे सांगायचे तर आमचाही विचार तिकडेच झुकला होता. बपेऱ्याहून परतल्यावर गिऱ्हाईक पाहायचे, असे आमचे आपसात ठरलेही होते.

मामूंनी सगळे ऐकून घेतले आणि ओसरीच्या कोपऱ्यातली नानांची काळी सायकल पुढे ओढली. मुलांचे नाना मनियार. बांगड्यांची पेटी कॅरिअरला बांधून ते याच सायकलवर गावोगावचे बाजार करत. मामू म्हणाले, "आधी दाते मोजा."

धाकटा अकरावीत, विज्ञान शाखेत. त्याने वही काढली. नानांच्या सायकलीला पायडलजवळच्या चक्रीला ४४ दाते, मागे १८. पायडलचा एक फेरा मारला की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. थोरलीच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर पुढे ३९, मागे २५. एका फेऱ्यात सव्वातीन मीटर. म्हणजे नानांपेक्षा हलकी खरी, पण घाटासाठी नव्हे. ही जुळणी शर्यतीत पळणाऱ्यांची. डोंगरात जाणारे लोक पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांची चक्री लावतात. तिथे एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच सरकायचे असते.

मग त्याने घाटाचा हिशेब मांडला. दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर. (शंभर टक्के म्हणजे सरळ भिंत नव्हे, ४५ अंश, हे आम्हालाही त्याच दिवशी कळले.) थोरली, सायकल आणि पाणी मिळून ६५ किलो. तासभर टिकेल अशी तिची ताकद १३० वॅट धरली, तर दहा टक्क्यांवर वेग ताशी सात किलोमीटर. त्या वेगाला तिच्या गिअरमध्ये मिनिटाला ३५ फेरे पडतात, ३४-३२ मध्ये ५२. काम तेवढेच, फक्त प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर येणारा भार तिसऱ्या हिश्श्याने कमी. थोरली वहीकडे बघत राहिली. दोन महिने ती स्वतःला कमजोर समजत होती.

झुहरनंतर मामू पाणसळ घेऊन निघाले. एक मीटरची पट्टी रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवायची, खालचे टोक उचलून बुडबुडा मधोमध आणायचा आणि टोकाखाली राहिलेली फट मोजायची. जितके सेंटिमीटर, तितके टक्के. इतके सोपे माप आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. डांबरी रस्त्यावर कुठेच तीनच्या वर आकडा गेला नाही. मामूंना त्याचे नवल नव्हते. रस्ता बांधणारा चढ टाळतो. भारतीय रस्त्यांच्या मानकांत डोंगराळ भागासाठीही नेहमीचा चढ २० मीटरला एक, म्हणजे पाच टक्के धरलेला आहे. अगदी नाइलाज असेल तिथे सात-आठ. भरलेला ट्रक चढला पाहिजे ना! किल्ला बांधणाऱ्याचे उलटे. आमच्याच तुमसर तालुक्यातला आंबागड सन १७०० च्या सुमारास बख्त बुलंद शाहच्या राजा खान पठाण या सरदाराने उभारला. त्याने टेकडी निवडली ती कोणाला सहज चढता येऊ नये म्हणून.

पुलाजवळून नदीत उतरणारी बैलगाडीची एक वाट आहे. तिलाही लोक घाटच म्हणतात. तिथे पट्टीखाली चौदा सेंटिमीटर फट निघाली. थोरली म्हणाली, "करून बघते." आम्ही गुडघ्याची आठवण दिली. मामू म्हणाले, "वीस-पंचवीस पावलांचा चढ आहे, बघू द्या."

खालून वेग घेऊन ती आली. मध्यावर उभी राहिली तशी मागचे चाक वाळूत जागच्या जागी फिरले. दुसऱ्यांदा ती बसूनच आली, अंग पुढे झुकवून. वाळूचा पट्टा पार झाला, पण पुढचे चाक हलके होऊन इकडेतिकडे भरकटू लागले आणि पाय टेकावा लागला. चढाच्या हद्दी अशा एकामागून एक समोर आल्या. पहिली गिअरची. दुसरी तोलाची, कारण वीस टक्क्यांवर १३० वॅटमध्ये माणूस चालीच्याच वेगाने सरकतो आणि त्या गतीला सायकल सरळ राहत नाही. तिसरी चाकाच्या पकडीची. कोरड्या, खडबडीत रस्त्यावर ही तिसरी हद्द फार लांब आहे: न्यूझीलंडमधल्या डनेडिनची बाल्डविन स्ट्रीट सर्वांत तीव्र जागी सुमारे ३५ टक्के आहे आणि सायकलस्वार तीही चढलेले आहेत. वाळूत चौदाच पुरले.

तिसऱ्यांदा तिने सायकल ढकलत वर आणली. चेहरा पडलेला. तेव्हा मामूंनी नानांची गोष्ट सांगितली. पुलावर गर्दी असो नसो, चढ दिसला की नाना उतरत. पेटीत काचेच्या बांगड्या, सायकल एकदा आडवी झाली तर आठवड्याची कमाई गेली. "तुझे नाना जन्मात कुठला चढ चढले नाहीत," मामू म्हणाले, "पण बाजार एकही चुकला नाही." थोरली हसली. बऱ्याच दिवसांनी.

गिऱ्हाईक शोधण्याचा विषय परतीच्या वाटेवर कोणी काढला नाही. नागपूरला मिस्त्रीकडे गेलो तर नवी अडचण. पुढची ३४ ची चक्री त्या जुन्या क्रँकवर बसतच नाही, आणि मागे ३२ लावायची तर डिरेल्युर लांब हाताचा हवा, चेनही लांब. सगळे बदलावे लागले. सायकल घेतानाच दाते मोजले असते तर हा खर्च वाचला असता. ज्यांच्या घरी मुले अशी सायकल मागत आहेत त्यांनी दुकानातच मोजावेत.

घाटातल्या वळणाचीही एक गोष्ट धाकट्याने शोधून काढली. वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उभी असते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडे वळणारा रस्ता अधिक तीव्र लागतो. तिथे वळणाआधीच गिअर हलका करायचा. उजव्या वळणावर जरा दम घेता येतो.

फेब्रुवारीत पुन्हा चिखलदरा. गुडघा दुखला तर उतरायचे, हे थोरलीने स्वतः कबूल केले आहे. फुफी अजून नाराजच आहेत. मामू येणार आहेत, आणि पाणसळ सोबत आणणार आहेत.